शिक्का, स्कॅन आणि तीस मिनिटं

संचालक मंडळाची बैठक संपली की कंपनी सचिवाच्या हातात तीस मिनिटं असतात. तिमाही निकाल मंजूर झाले, लाभांश ठरला, एखादा संचालक आला किंवा गेला, जे काही ठरलं ते सेबीच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमांतल्या नियम ३० प्रमाणे अर्ध्या तासात शेअर बाजाराला कळवायचं असतं. डिसेंबर २०२४ मधल्या दुरुस्तीनं थोडी सवलत दिली आहे. बाजार दुपारी साडेतीनला बंद झाल्यानंतर बैठक संपली, तर तीन तास मिळतात.

आता ही तीस मिनिटं जातात कशात ते बघा. निकालाची प्रिंट काढायची, अध्यक्षांची सही घ्यायची, शिक्का मारायचा, स्कॅनरवर ठेवायचं. तिसरं पान तिरकं आलं म्हणून पुन्हा स्कॅन. फाइल फार मोठी झाली म्हणून इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकट साइटवर टाकून ती ‘छोटी’ करायची. मग ज्याच्या नावाची डिजिटल सही आहे त्याचं टोकन पुण्याला राहिलंय हे लक्षात येतं. एवढ्या धावपळीत जी फाइल पाठवली जाते ती माणसाला वाचायला कशीबशी जमते आणि संगणकाला अजिबात जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सही-शिक्क्याचा कागद ही मूळ प्रत आणि पीडीएफ हा तिचा फोटो, ही समजूत आता सोडून द्यावी. बाजाराच्या संकेतस्थळावर जाते ती फाइलच मूळ प्रत. ती नीट बांधणं हे टायपिस्टाचं किरकोळ काम नाही, प्रकटीकरणाचाच भाग आहे.

हे लिहिताना माझ्यासमोर औंध संस्थानाच्या जुन्या मुलखातली हिशेबखाती आहेत. संस्थान विलीन झालं तसा त्याचा विखुरलेला प्रदेशही वाटला गेला: खुद्द औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. याच कुंडलच्या माळावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली १९२० मध्ये. आज ती बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे सूचिबद्ध आहे. तिच्या प्रत्येक पत्रावर छापल्या जाणाऱ्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकात ते १९२० साल अजून बसलेलं आहे. कंपनीचा हा क्रमांक वाचायला शिका: पहिलं अक्षर सूचिबद्ध आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार, मग राज्याची खूण, नोंदणीचं साल, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. कंपनीचे शेअर बाजारात आले की पहिलं अक्षर बदलतं. जुन्या लेटरहेडवर मात्र ते बदलायचं राहून जातं आणि पत्राची सुरुवातच चुकीची होते. (त्याच १९२० साली या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघालं. कारखान्याची बातमी लोकांपर्यंत स्वच्छ छापून पोचवायची हौस या मुलखाला जुनीच आहे.)

मोठ्या कंपन्यांकडे या कामाला स्वतंत्र माणसं असतात. अडचण असते ती पलूस, कुपवाड, कराड, शिरवळ भागातल्या मध्यम कारखान्यांची. २०१२ पासून बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज हे लहान कंपन्यांचे मंच सुरू आहेत. तिथं निकाल तिमाहीला नाही, सहामाहीला द्यावे लागतात आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची सक्तीही नाही. पण फाइल कशी असावी याच्या अपेक्षा त्याच. आणि हिशेब सांगलीत, सचिव पुण्यात, लेखापरीक्षक कोल्हापुरात, एक संचालक मुंबईत अशी पांगापांग असली की कागद व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून फिरू लागतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. त्यातला ८ हा ३ दिसायला वेळ लागत नाही.

स्कॅनर बंद ठेवा

शेअर बाजारांना पीडीएफ हवी असते ती शोधता येईल अशी, म्हणजे आतला मजकूर अक्षरं म्हणून साठवलेला. तपासायची रीत सोपी आहे. फाइल उघडा, निकालाच्या तक्त्यातला निव्वळ नफ्याचा आकडा माउसनं निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तोच आकडा आला तर फाइल ठीक. काहीच निवडता आलं नाही, तर तुमच्या हातात फोटो आहे. काहीतरी आलं पण भलतंच आलं, तर ते सगळ्यात वाईट, कारण डोळ्यांना ते कधीच दिसणार नाही.

म्हणून पत्र आणि निकाल वर्ड किंवा एक्सेलमधूनच पीडीएफ म्हणून सेव्ह करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ ही वाट टाळा. त्यात शीर्षकांवरून तयार होणारे बुकमार्क आणि दुवे बहुधा गळून पडतात. सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा.

रुपयाच्या चिन्हाचं एक जुनं दुखणं आहे. २०१० मध्ये हे चिन्ह आलं तेव्हा संगणकांत ते नव्हतं, म्हणून अनेकांनी एक फुकट फॉन्ट घेतला. त्यात कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या अवतरणचिन्हासारख्या खुणेच्या जागी रुपयाचं चित्र बसवलेलं होतं. पडद्यावर रुपया दिसतो, कॉपी केलं की ती खूण येते. आजही अनेक कार्यालयांत दरवर्षीचा तक्ता मागच्या वर्षीच्या फाइलवरून बनतो आणि ही खूण वर्षानुवर्षं पुढे सरकत राहते. एकदा बसून ती सगळी युनिकोडमधल्या खऱ्या चिन्हानं बदलून टाका, किंवा सरळ ‘रु.’ लिहा.

तक्ता खरा तक्ता असावा. स्पेसबार आणि टॅब दाबून रांगेत उभे केलेले आकडे माणसाला सरळ दिसतात. यंत्राला मात्र कुठला आकडा कुठल्या तिमाहीचा ते कळत नाही. दोन पानांवर गेलेल्या तक्त्याची शीर्षओळ दुसऱ्या पानावर पुन्हा यायला हवी. एक्सेलमधला तक्ता वर्डमध्ये चित्र म्हणून चिकटवू नका. आडवी पानं फाइलमध्ये आडवीच असू द्या, वाचणाऱ्यानं मान वाकडी का करावी? तोटा कंसात लिहीत असाल तर सगळीकडे कंसातच. कुठे उणे, कुठे कंस असं नको. रिकामी जागा, आडवी रेघ आणि शून्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लागू नाही, माहिती नाही आणि खरोखर शून्य, यांतलं कुठलं कशासाठी हे ठरवून तक्त्याखाली एका ओळीत सांगा. आणि रक्कम लाखांत की कोटींत हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

लेखापरीक्षकांचा अहवाल हा नेहमीचा अडसर. बाकी फाइल स्वच्छ असते आणि मध्येच त्यांची स्कॅन केलेली तीन पानं येतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की अहवाल डिजिटल सहीनं, मजकुरासह पाठवा. त्यांची तयारी नसेल तर स्कॅनवर अक्षरओळख चालवा. पण मग प्रत्येक आकडा आणि अहवालावरचा यूडीआयएन (त्या अहवालाचा खास ओळख क्रमांक) एकेक करून पडताळा. अक्षरओळख १ आणि ७ यांत गोंधळते, आणि स्वल्पविरामाचं टिंब झालं की लाखांचे रुपये होतात.

डिजिटल सही सगळ्यात शेवटी. सही झालेल्या पीडीएफला दुसरी फाइल जोडली, पानं मागेपुढे केली, फाइल लहान केली की सही बाद होते. आधी जोडाजोड, मग बुकमार्क, मग सही, मग हात लावायचा नाही. दोन सह्या हव्या असतील तर त्या लागोपाठ करा, मध्ये काहीही बदलू नका. टोकन कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, कुठल्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर आहे आणि मुदत कधी संपते हे बैठकीच्या आदल्या दिवशी बघायचं काम आहे. फाइलला पासवर्ड लावू नका. फाइलच्या नावात देवनागरी, स्वल्पविराम, ‘अँड’ची खूण असलं काही नको; साधी रोमन अक्षरं, अंक आणि तारीख पुरे.

फुकटच्या साइटबद्दल वर ओझरतं आलं, पण तो विषय हलका नाही. जाहीर न झालेले निकाल ही किंमत हलवू शकणारी अप्रकाशित माहिती आहे, आणि २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियमांनुसार ती कुणाकुणाकडे गेली याची नोंद कंपनीला ठेवावी लागते. ‘पीडीएफ छोटी करा’ म्हणणाऱ्या अनोळखी सर्व्हरवर निकाल चढवले, तर त्या नोंदीत काय लिहिणार? फाइल मुळात मोठी होते ती स्कॅनमुळे. मजकुराची चाळीस पानं सहसा एका स्कॅन केलेल्या पानापेक्षा जड नसतात.

यंत्राची प्रत

पीडीएफ झाली तरी काम अर्धंच झालं. निकाल, भागधारणेचा तक्ता, मतदानाचे निकाल, कारभाराचा अहवाल, नियम ३० खालच्या अनेक घोषणा या सगळ्यांची एक्सबीआरएल प्रतही द्यायची असते. घोषणांच्या बाबतीत पीडीएफनंतर २४ तासांत. एक्सबीआरएल म्हणजे काय हे घाबरण्यासारखं नाही. प्रत्येक आकड्याला एक ठरलेलं नाव चिकटवलेलं असतं. हा आकडा कशाचा, कुठल्या कंपनीचा, कुठल्या कालावधीचा, कुठल्या चलनातला आणि किती अंकांपर्यंत अचूक, एवढं त्याच्यासोबत लिहिलेलं असतं. या ठरलेल्या नावांच्या यादीला टॅक्सॉनॉमी म्हणतात. शेअर बाजाराची आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाची अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. एकीकडची फाइल दुसरीकडे चालत नाही.

शेअर बाजारासाठी तुम्हाला प्रत्यक्ष कोड लिहावा लागत नाही. बाजाराची एक्सेल युटिलिटी उतरवायची, मॅक्रो चालू करायचे, रकाने भरायचे, पडताळणीचं बटण दाबायचं, चुका दुरुस्त करायच्या, एक्सएमएल फाइल तयार करून चढवायची. ऐकायला सोपं, पण माती कुठे खाल्ली जाते ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे मागच्या तिमाहीची युटिलिटी वापरणं. नियम बदलले की युटिलिटी बदलते. डिसेंबर २०२४ ला संपलेल्या तिमाहीपासून ‘एकात्मिक फाइलिंग’ आलं. त्यात कारभाराचा भाग तिमाही संपल्यापासून ३० दिवसांत आणि आर्थिक भाग ४५ दिवसांत, वर्षअखेरच्या तिमाहीसाठी ६० दिवसांत देतात. भागधारणेचा तक्ता मात्र वेगळाच राहिला, त्याला २१ दिवस. म्हणून युटिलिटी दर वेळी नव्यानं उतरवा, आणि जुनी फाइल फक्त आकडे ताडून बघायला उघडा.

दुसरी चूक चिकटवण्याची. आपल्या एक्सेलमधून रकाना उचलून सरळ पेस्ट केला की रंग, सूत्रं, दडलेली जागा सगळं सोबत येतं आणि पडताळणी अडते. नेहमी ‘पेस्ट व्हॅल्यूज’. आणि तुमच्या एक्सेलनं दोन दशांशांपर्यंत दाखवलेला आकडा आत सात दशांशांचा असू शकतो. मग बेरीज एका पैशानं चुकते आणि युटिलिटी हट्ट धरते. आधी आकडा खरोखर पूर्णांकित करून घ्या.

तिसरी सगळ्यात महाग. युटिलिटीत रकमा लाखांत, कोटींत की पूर्ण रुपयांत हे सुरुवातीला निवडावं लागतं. पीडीएफ लाखांत आणि इथं निवड कोटींची, तर कंपनी कागदावर शंभर पट मोठी होते. प्रति समभाग मिळकत मात्र नेहमी रुपयांतच, तिला लाख-कोटी लागू नाही. खर्च धन आकड्यात लिहायचा की ऋण, हे युटिलिटीच्या सूचनांत असतं, अंदाजानं भरू नका. भागधारणेच्या तक्त्यात पॅन क्रमांक भरावा लागतो, तो जाहीर दिसत नाही. त्यामुळे तो रकाना रिकामा सोडायचं कारण नाही. पण तोच पॅन तुम्ही पीडीएफच्या जोडपत्रात उघडा छापलात, तर त्याला कुणी झाकणार नाही.

मंत्रालयाचं एक्सबीआरएल वार्षिक हिशेबांसाठी असतं आणि २०१०-११ या आर्थिक वर्षापासून ते सुरू आहे. सूचिबद्ध कंपन्या आणि त्यांच्या भारतीय उपकंपन्या, भरणा झालेलं भांडवल ५ कोटी किंवा उलाढाल १०० कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपन्या, हे मुख्य घटक. म्हणजे शेअर बाजाराशी संबंध नसलेल्या कुपवाडच्या एखाद्या कारखान्यालाही ते चुकत नाही. हे काम सहसा बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याकडे जातं. द्या, पण त्याच्याकडून आलेल्या मसुद्यात टिपा शब्दशः आल्यात का आणि आपल्या खास बाबी ‘इतर’ नावाच्या डब्यात तर ढकलल्या नाहीत ना, हे स्वतः वाचा. कामगारांच्या थकबाकीची तरतूद ‘इतर खर्च’ झाली की पुढच्या वर्षीची तुलना कुचकामी होते.

अमेरिकेत हा दुहेरी व्याप बराचसा मिटला आहे. तिथल्या बाजार आयोगाच्या ‘एडगर’ प्रणालीत पीडीएफला अधिकृत प्रतीचा मान नाही. २०१८ मध्ये आयोगानं ‘इनलाइन’ पद्धत स्वीकारली. तिच्यात माणूस वाचतो त्याच पानातल्या आकड्यांना यंत्राची नावं लावलेली असतात. इन्फोसिस, विप्रोसारख्या कंपन्या आपले वार्षिक अहवाल तिथं त्याच रीतीनं देतात. आपल्याकडे माणसाची एक फाइल आणि यंत्राची दुसरी. दोन्हींत फरक पडला तर शेअर बाजार खुलासा मागतो, आणि तो फरक शोधायला यंत्राला क्षणही लागत नाही. इथंही इनलाइन यावं असं मला मनापासून वाटतं. तोवर एकानं पीडीएफमधला आकडा मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं एक्सबीआरएलमध्ये टिक करायची, ही जुन्या रोजकीर्दीची पद्धतच उपयोगी.

उशिराची किंमतही माहीत असू द्या. सेबीच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे निकाल वेळेत न दिल्यास दररोज ५,००० रुपये, भागधारणेचा तक्ता न दिल्यास दररोज २,००० रुपये, वर जीएसटी.

मराठी जाहिरात

नियम ४७ प्रमाणे मुख्य मंचावरच्या कंपनीला निकालाची जाहिरात बैठकीनंतर ४८ तासांत एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. प्रादेशिक म्हणजे नोंदणीकृत कार्यालय जिथं आहे तिथली भाषा. कारखाना बेळगावात असो, कार्यालय सांगलीत असेल तर जाहिरात मराठीत. डिसेंबर २०२४ नंतर पूर्ण तक्त्याऐवजी क्यूआर कोड आणि वेबपत्ता दिला तरी चालतो. हा कोड छपाईला जाण्याआधी दोन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासा, आणि तो अंतिम फाइलवरच जातोय, कुणाच्या खासगी ड्राइव्हवरच्या मसुद्यावर नाही, याची खात्री करा.

मराठी जाहिरात बहुतेक वेळा जाहिरात एजन्सी पुन्हा जुळवते. त्यांच्याकडे अजून श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर त्यात बदलताना जोडाक्षरं फुटतात, आणि आकडे देवनागरीत पुन्हा टंकले जातात. म्हणून प्रूफ तुमच्या हिशेबनिसानं वाचावं, आकडा आकड्याशी ताडून. इंग्रजीत कंसात असलेला तोटा मराठीत कंसाबाहेर आला, तर तो नफा होतो.

छापलेलं कात्रण मग शेअर बाजाराला पाठवायचं असतं. इथं स्कॅनला पर्याय नाही, पण कात्रणासोबतच्या पत्रात वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि जाहिरात कशाची, हे टाइप केलेल्या मजकुरात द्या, म्हणजे निदान पत्र तरी शोधात सापडेल. जुन्या फॉन्टमधली एजन्सीची पीडीएफ पाठवण्यात फायदा नाही. तिच्यातला मराठी मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा लगदा बाहेर येतो.

बैठकीच्या दिवशी

पत्राचा मसुदा सकाळीच तयार असावा: दोन्ही बाजारांचे पत्ते, कंपनीचा संकेतांक, विषय, नियमाचा उल्लेख, जोडपत्रांची नावं. रिकाम्या ठेवायच्या त्या बैठक सुरू झाल्याच्या आणि संपल्याच्या वेळा, आणि मंडळानं बदल केला तर ते आकडे. निकालाचा तक्ता एकाच एक्सेल फाइलमधून यावा. सादरीकरण, प्रसिद्धिपत्रक आणि निकाल यांत तोच नफा तीन वेगळ्या पूर्णांकांत दिसला तर विश्लेषक फोन करणारच. बैठकीत बदल झाला तर आधी ती एक फाइल बदला, मग बाकी सगळं त्यातून नव्यानं काढा.

वर्डच्या फाइलमधले सुधारणांचे रंग आणि शेजारच्या टिप्पण्या पीडीएफ करण्याआधी स्वीकारून पुसा. फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून कुणाचं नाव आहे बघा. दुसऱ्या कंपनीचा नमुना उचलला असेल तर तिचं नाव तिथं ठाण मांडून बसलेलं असतं. नव्या संचालकाच्या माहितीतला आधार क्रमांक किंवा घरचा पत्ता काळ्या पट्टीनं झाकू नका. पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी केला की बाहेर येतो. मूळ फाइलमधूनच तो काढा.

वीज आणि इंटरनेट यांबद्दल या भागातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. टोकन लागणारा संगणक इन्व्हर्टरवर, आणि मोबाइलचं दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार. दोन्ही बाजारांवर फाइल वेगवेगळी चढवायची असेल, तर दोन माणसं लावा.

पोच क्रमांक आला की तो जपून ठेवा. नियम ९ प्रमाणे काही कागदपत्रं कायमची आणि काही किमान आठ वर्षं जपायची असतात. त्यामुळे मूळ वर्ड-एक्सेल, सही झालेली पीडीएफ, एक्सएमएल आणि पोच हे चारही एका फोल्डरमध्ये राहू द्या. मग शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून आपलीच फाइल मोबाइलवर उतरवा, उघडा आणि निव्वळ नफ्याचा आकडा शोधा. चूक सापडली तर जुनी फाइल गुपचूप बदलायचा मार्ग नाही आणि शोधूही नये. सुधारित फाइल पाठवा. सोबतच्या पत्रात कुठल्या पानावर कुठला आकडा चुकला होता, बरोबर कोणता आणि चूक का झाली हे लिहा. एक्सबीआरएलही सुधारा. आणि स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रत त्याच दिवशी बदला, कारण ती तशीच राहिली तर दोन ठिकाणी दोन निकाल दिसतात आणि त्याचाही खुलासा पुन्हा तुम्हालाच करावा लागतो.